इर्जिकीचं बोलावणं

आमच्याकडे कोणी पहिल्यांदा आलं की मी त्याला चहा विचारत नाही, आधी गच्चीवर नेते. गुडघे दुखतात वगैरे सबबी चालत नाहीत. गुडघे मलाही आहेत आणि मी रोज चढते. वर गेलं की पाहुण्याला दक्षिणेकडे तोंड करून उभं करते आणि सुरू होते. हा समोरचा लांबलचक माथा म्हणजे विसापूर. त्याच्या खांद्याआडून डोकावतोय तो लोहगड. उजव्या हाताच्या डोंगरात कार्ल्याची लेणी, समोर भाज्याची, डावीकडे बेडशाची. खाली झाडांची रांग दिसते ना, तिच्यामागून इंद्रायणी वाहते. आणि नदीपासून आमच्या कुंपणापर्यंत जे हिरवं पसरलंय ते भात. साधंसुधं नाही, इंद्रायणी. शिजायला लागला की शेजारच्याला भूक लागते.

पाहुणे बहुतेक पुण्या-मुंबईचे. ते म्हणतात, "छान हवा आहे हो." मग माझं डोकं फिरतं. हवा काय, महाबळेश्वरलाही असते! दोन हजार वर्षांपूर्वी ज्या माणसांनी डोंगर पोखरून एवढाली दालनं घडवली, त्यांनाही बसायला हीच जागा पसंत पडली होती, असं मी त्यांना सुनावते. लोणावळा म्हणजे चिक्की आणि धबधब्यात भिजणारी गर्दी, एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याशी मी जरा वाकडंच बोलते.

आमचे हे मूळचे नागपूरकडचे. ते खालून ओरडतात, "सोड त्यांना! ही डोंगर असे दाखवते, जणू माहेराहून आंदण आणलेत."

आता खरं सांगायचं तर आणलेतच. माझा जन्म वलवणचा. वडील धरणावर कामाला होते. भिंतीपलीकडे पाणी आणि अलीकडे आम्ही, अशात माझं लहानपण गेलं. लग्न झालं आणि मी मावळाबाहेर पडले ती पडलेच. ह्यांच्या नोकरीपायी नागपूर, भिलाई, जमशेदपूर, पुन्हा नागपूर. मी शाळेत शिकवायचे, तिथल्या मुलांना तिथले डोंगर-नद्या शिकवायचे आणि मनात म्हणायचे, आमच्याकडचे बघितले नाहीत तुम्ही. हे निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, "आजवर तू माझ्यामागे फिरलीस. आता तू सांग कुठे जायचं." मी एका श्वासात सांगितलं. म्हणून आम्ही कामशेतहून आत वळल्यावर लागणाऱ्या, निवृत्तांसाठी बांधलेल्या या वसाहतीत आलो. बैठी घरं, दाराशी पायऱ्यांऐवजी उतार, भिंतीला धरायला कठडे, जेवणाचं मोठं दालन, आठवड्यातून येणारा डॉक्टर. सगळं उत्तम आहे. नावं ठेवायला जागा नाही, आणि जागा असती तर मी ठेवली असती.

फक्त एक गोष्ट सलत होती. गावच्या चैत्रातल्या जत्रेला पहिल्या वर्षी आम्ही सगळे गेलो. आम्हाला पाहताच पुढची माणसं उठवली गेली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, नारळ आले, माईकवरून "बंगल्यावरच्या पाव्हण्यांचं" स्वागत झालं. आमची मंडळी खूश. मी खुर्चीत अंग चोरून बसले. समोर सतरंजीवर गावातल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत खुदुखुदु हसत होत्या आणि माझा सगळा जीव तिकडे लागला होता. पुढे बुद्धपौर्णिमेला गावातली बौद्ध कुटुंबं पांढरे कपडे घालून लेण्यांकडे निघाली. आमच्या फाटकाशी पाणी प्यायला थांबली, खिरीचं आमंत्रण देऊन गेली. संध्याकाळी खीर खायला गेलो तर तिथेही खुर्ची तयार. ज्या मातीत मी रांगले तिथे मला कोणी जमिनीवर बसू देईना. आता या वयात मला फार काही नको होतं. पण पाहुणी म्हणून मरायचं नव्हतं. एवढी एकच इच्छा उरली होती आणि ती कोणाला सांगायची सोय नव्हती.

आमच्या कुंपणाला लागून एका बाईचं भातखाचर आहे. साठीच्या आसपासची, काटक, आवाज असा की एका बांधावरून बोलली तर तिसऱ्या बांधावर ऐकू जावं. नवरा मागेच गेलेला. मुलगा वराळ्याकडच्या कंपनीत. आम्ही सकाळी फिरायला निघालो की ती "राम राम साहेब, राम राम मॅडम" म्हणायची आणि कामाला लागायची. ओळख ती तेवढीच.

गेल्या वर्षी पावसाने चांगला जम बसवल्यावर एका सकाळी आम्ही दहा-बाराजण छत्र्या घेऊन त्या कुंपणापाशी उभे होतो. खाचराची चिखलणी झालेली, रोपांच्या मुठी बांधावर रचलेल्या. आमच्यातले काही मोबाइलवर फोटो काढत होते. खाचरात मात्र जेमतेम पाच-सहा बायका. ती बाई कमरेवर हात ठेवून गावाच्या वाटेकडे बघत होती. तिच्याकडे त्या दिवशी इर्जिक होती.

इर्जिक म्हणजे काय, हे मावळात कोणाला सांगावं लागत नाही. वसाहतीत मात्र सांगावं लागलं. एकाच्या शेतात सगळ्यांनी उतरायचं आणि काम उरकून टाकायचं. शेतमालकाने पोटभर जेवू घालायचं, आणि दुसऱ्याची पाळी आली की त्याच्या शेतात आपण उतरायचं. त्या सकाळी नेमकं खालच्या वाडीत एक म्हातारं माणूस गेलं आणि अर्धं गाव मातीला गेलं. मुलाला रजा नाही. रोपं तर आदल्या संध्याकाळीच उपटून ठेवलेली, ती काही थांबत नाहीत.

तिचं आमच्याकडे लक्ष गेलं. तिने ओरडून विचारलं, "फोटू काढाय आलाय का लावाय?"

सगळे हसले. मी हसले नाही. चपला काढल्या, पदर खोचला आणि कुंपणाच्या फटीतून आत शिरले. माझ्यामागे आणखी सहा-सातजण आले. आमच्या समितीचे अध्यक्ष, बँकेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, सँडल घालूनच उतरले. चौथ्या पावलाला त्यांचा पाय असा रुतला की दोन बायकांनी त्यांना काखेत धरून उपसलं. पाय आला, सँडल आली नाही. ती अजून तिथेच असेल. आमच्या ह्यांना वाकता येत नाही, म्हणून त्यांना बांधावर बसवून मुठी फेकायचं काम दिलं. नागपूरच्या माणसाचा नेम इतका चांगला असेल असं मला वाटलं नव्हतं.

आणि माझे हात! लहानपणी लावणीच्या दिवसांत शाळा बुडवून मी मामाच्या खाचरात जायचे. त्याला उभं आयुष्य लोटलं. पण डाव्या हातात मूठ आली, उजव्या हाताने रोपं सुटी करून चिखलात रोवली आणि पाय आपोआप मागे सरकला. काही आठवावं लागलं नाही. पाठ बोंब मारत होती, मी ऐकलं नाही.

रांगेतल्या बायका एकमेकींना हाका मारत होत्या, त्याही मला ओळखीच्या वाटल्या. आमच्याकडे गावात सून कितीही म्हातारी झाली तरी ती तिच्या माहेरच्या गावाने ओळखली जाते. एक वराळ्याची, एक नाण्याची. जिचं शेत होतं ती इंदुरीची. इंदुरीचीने वाकल्या वाकल्या मला विचारलं, "मॅडम, तुमचं म्हायेर कुटलं?"

"वलवण."

ती ताठ उभी राहिली. "धरणाजवळचं? आन आजवर बोलला न्हाई व्हय!" मग माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "तरीच." मला वाटलं, आता तरी 'मॅडम' जाणार. पण लगेच पुढे म्हणाली, "मॅडम, वाईच मागं सरका." मॅडम काही सुटलं नाही. मी मागे सरकले.

दुपार उलटून गेल्यावर लावणी संपली. बांधावर बसून आम्ही जेवलो. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, हिरव्या मिरचीचा खर्डा. वर पाऊस, खाली चिखल. आमच्यातल्या रक्तदाबवाल्यांनीही खर्डा मागून घेतला. खुर्ची कुठेच नव्हती. परत येताना मी चिखलाचे पाय धुतले नाहीत, तशीच वसाहतीच्या मुख्य रस्त्याने चालत आले. मुद्दाम.

इथवर सगळं छान होतं. मग आमच्या मंडळींच्या अंगात कृतज्ञता आली.

आम्हा निवृत्तांना दुसरं काही येवो न येवो, सत्कार करता येतो. आमच्या प्रत्येकाच्या कपाटात निरोपसमारंभाच्या शाली घड्या घालून पडलेल्या आहेत. एवढं प्रेमाने जेवू घातलं त्या माऊल्यांनी, त्यांचा सन्मान नको का व्हायला? समितीची बैठक झाली. आठवड्याच्या आत दालनात फलक लागला, 'कृतज्ञता सोहळा'. टेबलावर पांढरी चादर, फुलदाणी, शाली (नव्या आणल्या होत्या, हे आमच्या बाजूने सांगते), नारळ. आभारप्रदर्शन अर्थातच मी. मी ते दोनदा लिहून काढलं होतं आणि त्यात लेणीही आणली होती.

बायका आल्या. ठेवणीतली लुगडी नेसून, अवघडून पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर बसल्या. अध्यक्षांचं भाषण झालं. मग इंदुरीचीला वर बोलावलं. अध्यक्षांनी शाल उलगडली, आणि ती एक पाऊल मागे सरकली.

"शाल कशाला?" ती म्हणाली. माईक लागत नव्हता तिला. "शाल पाव्हण्याला घालत्यात. इर्जिकीला कोन शाल घालतं व्हय? तुमी आमच्या चिखलात उतरला. आता तुमचं काम सांगा, आमी येतो."

अध्यक्ष शाल धरून तसेच उभे. मग हसून म्हणाले, "अहो ताई, आमच्याकडे कसलं काम? बागेला माळी आहे, झाडायला माणसं आहेत, स्वयंपाकाला आचारी आहे. आमच्याकडे कामच नाही."

"काम न्हाई?" ती म्हणाली. "बिनकामाचं घर आसतं व्हय कुटं?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिने आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं, आजारी माणसाकडे बघतात तसं. नारळ घेतला, कारण नारळाला नाही म्हणत नाहीत. शाल टेबलावर ठेवली आणि खाली उतरली. बाकीच्यांनीही तेच केलं. चहा घेऊन त्या निघून गेल्या. माझं आभारप्रदर्शन राहिलं ते राहिलंच.

काहीजण चिडले. एवढं केलं तर हे वर! मी घरी येऊन पलंगावर बसले, साडीही बदलली नाही. हे आले, शेजारी बसले. म्हणाले, "पाहुण्याला कोणी काम मागत नाही गं. ती मागत होती. आत घ्यायला निघाली होती तुम्हाला, आणि तुम्ही तिला शाल दाखवलीत."

मला रडू आलं. कारण ते अगदी बरोबर बोलत होते, आणि ही गोष्ट मावळच्या पोरीला नागपूरच्या माणसाने सांगावी लागली. ज्यासाठी मी परत आले होते ते दारापर्यंत येऊन माघारी गेलं होतं. पुन्हा कोणी विचारेल याचा काय भरवसा? दुसऱ्या दिवशी फिरायला गेले तर इंदुरीची खाचरात होती. "राम राम मॅडम" म्हणाली आणि पाठ फिरवली. वाईट बोलली नाही. फक्त पाहुण्याशी बोलतात तसं बोलली.

मग मी काम शोधायला लागले. आमच्यासारख्या ठिकाणी काम शोधणं सोपं नाही. जिथे हात घालावा तिथे कोणी ना कोणी नेमलेलं. फिरत फिरत मी कुंपणाच्या सखल कोपऱ्यापाशी आले. तिथे आमचं लॉन आहे असं नकाशात दाखवलंय. प्रत्यक्षात तिथे दर पावसाळ्यात पाणी साठतं. पाइप घालून झाले, मुरूम टाकून झाला, पण पाणी दरवर्षी येऊन बसतंच. मी छत्री घेऊन त्या डबक्यापाशी उभी राहिले आणि कुंपणापलीकडच्या इंदुरीचीच्या खाचराकडे बघितलं. मग पुन्हा डबक्याकडे. अहो, हे खाचरच होतं! पाण्याला आपली जागा माहीत होती, आम्हालाच नव्हती.

त्या संध्याकाळी मी बैठक बोलावली. म्हटलं, तिथे भात लावू या. अध्यक्ष म्हणाले, "ते लॉन आहे, ताई."

"लॉन नाही, डबकं आहे. आणि त्यात तुमची दुसरी सँडल जायच्या आत त्याचं काहीतरी करू या."

हशा झाला. पण विरोध होताच. डास होतील, साप येतील, वसाहतीची शिस्त जाईल. मी सहसा हात जोडत नाही, त्या दिवशी जोडले. म्हटलं, तुम्ही इथे हवेसाठी आलात, मी माणसांसाठी आले. मला या गावात पाहुणी म्हणून राहायचं नाही. शेवटी अध्यक्षांनीच पहिला हात वर केला. "तसंही तिथे गवत धरत नाही," असं पुटपुटले. मग बाकीचे हात वर गेले.

निरोप वॉचमनकडून पाठवायचा नाही, एवढं मला कळत होतं. सकाळी मी स्वतः इंदुरीचीच्या दारात गेले. ती ओसरीवर तांदूळ पाखडत होती. आतून खुर्ची आणायला उठली. मी त्याआधीच जोत्यावर बसले.

"आमच्याकडं इर्जिक हाय," मी म्हणाले. हे शब्द जिभेवर कुठून आले कोण जाणे, किती वर्षांत मी असं बोलले नव्हते. "लावायचं हाय. रोपं उरली आसतील तर घेऊन या."

सूप तिच्या हातातच राहिलं. "कुटं लावताय?"

मी सांगितलं. ती हसायला लागली, मोठ्याने, थांबेचना. "तितं? तितं माझी सासू लावायची की! लय झकास जागा." मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "परवा येतो. चूल कोन बगणार?"

"मी."

"बगा हां," ती म्हणाली. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

परवा सगळे आले. बायका तर आल्याच, पुरुषही फावडी घेऊन आले. एका आबांनी हलगी आणली. आमच्यातल्या ज्यांना वाकता येत होतं ते चिखलात, ज्यांना येत नव्हतं ते बांधावर मुठी घेऊन. बांध घालायला अध्यक्ष अनवाणी उतरले. आचाऱ्याला सुट्टी दिली होती. दालनामागे तीन दगडांची चूल मांडून मी आणि आणखी चौघी भाकऱ्या थापत होतो. त्यातल्या एकीने आयुष्यभर दंतवैद्यकी केली, भाकरी कधी नाही. तिची फाटायची, मग ती तिला नव्याने आकार द्यायची. धुराने डोळ्यांत पाणी, बाहेर हलगी, आणि विसापूरवर ढग उतरलेले. जेवताना इंदुरीचीने माझी भाकरी मोडून बघितली. "जाड हाय," ती म्हणाली, आणि दुसरी मागितली.

दिवाळीनंतर कापणी झाली. कामशेतच्या गिरणीतून तांदूळ सडून आणला आणि घरोघर वाटीवाटी वाटला. त्या संध्याकाळी वसाहतीतल्या प्रत्येक खिडकीतून एकच वास येत होता. ज्यांना पथ्यावर भात बंद होता त्यांनीही खाल्ला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, ते अजून उतरलेलं नाही. हल्ली पाहुणा गच्चीवर आला की मी विसापूर नंतर दाखवते. आधी खाली बोट करते. ते आमचं खाचर.

तरी कुंपणापलीकडून रोज "राम राम मॅडम"च यायचं. मी मनाला समजावलं होतं, एवढं मिळालं हे काय थोडं आहे.

या वर्षी पाऊस लागून थोडे दिवस झाले होते. सकाळी चहा घेत होतो तेव्हा फाटकावरून फोन वाजला. वॉचमन नवा आहे, आमची सगळी नावं त्याने पाठ केली आहेत.

"मॅडम, गावातल्या एक बाई आल्यात. वलवणची कुठे राहते म्हणून विचारतायत. मी सांगितलं, अशा कोणी इथे राहत नाहीत. तर म्हणतायत तुम्हाला विचार."

मागून आवाज ऐकू येत होता. तो फोनशिवायही आला असता. "आरं तिला सांग, उंद्या वराळ्याचीकडं इर्जिक हाय. भाकऱ्यांना ये म्हनावं. आन पातळ थाप म्हनावं!"

ह्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"मॅडम?" वॉचमन म्हणाला. "काय सांगू? नाही राहत ना?"

"राहते," मी म्हणाले. "सांग त्यांना, वलवणची सकाळीच परात घेऊन येतेय."